मागच्या चाकांचं लाकूड

आमच्या नणंदेच्या मुलीच्या लग्नात, मामांनी नवरीला बोहल्यावर आणायच्या वेळी, मामाच जागेवर नव्हते. मामा म्हणजे माझे धाकटे दीर, परशरामभावजी. भटजी दोनदा ओरडले, नणंद रडकुंडीला आली. शेवटी मीच हॉलच्या मागं शोधत गेले. पाणी वर चढवणाऱ्या पंपापाशी भावजी उकिडवे बसले होते, नवी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, कान पंपाला लावून.

"वहिनी, ह्येचं बेअरिंग बोलतंय," ते म्हणाले. "पंगतीच्या आत जाम होणार."

"भावजी, नवरी उभी आहे."

"आलोच. नवरीला उशीर चालतोय, ह्येला न्हाय चालत."

नवरी बोहल्यावर चढली, आणि दुसऱ्या पंगतीला नळाचं पाणी गेलं. तेव्हा भावजी समाधानानं जेवत होते, आपलं खरं झालं म्हणून.

उद्यमबागेत त्यांचा लहानसा कारखाना आहे. पत्र्याची शेड, दोन लेथ, एक ड्रिल, आणि कोपऱ्यात लक्ष्मीचा फोटो. तिथं ते बुश तयार करतात. फिरणारा दांडा ज्या कड्यात बसतो, ते कडं म्हणजे बुश. वस्तू एवढीशी, पण ती झिजली की आख्खं यंत्र थरथरायला लागतं. लोंढ्याच्या लाकूडगिरणीपासून निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या पंख्यांपर्यंत कुठं ना कुठं त्यांचे बुश फिरत असतात. आयटीआय करून ते आधी एका फौंड्रीत लागले, मग रात्रीचा डिप्लोमा केला, मग स्वतःची शेड टाकली. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकले, त्यामुळं त्यांच्या धंद्यातलं मला जे कळतं ते त्यांनीच चहा पिताना समजावलेलं.

"दोन वस्तू एकमेकींवर घासायच्या असल्या की त्यातली एक मऊ पाहिजे," ते एकदा सांगत होते. "दांडा कडक, तर बुश मऊ. गनमेटल घ्या, नायलॉन घ्या, कथिलाचं व्हाइट मेटल घ्या. झिजायचं ते बुशनं झिजावं, दांडा शाबूत ऱ्हावा. दोन्ही कडक असली की दोन्हींचं वाटोळं."

त्यांची बायको, आमची अक्काताई, भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आणि ह्या घरात झिजतंय कोण, ते पण सांगा की वहिनीस्नी."

त्यांच्या घरात कुठलंच दार करकरत नाही. पाळणा, कपाट, फाटक, सगळं गुपचूप. अक्काताईची तक्रार अशी की सासूबाई होत्या तोवर त्या कधी मागं येऊन उभ्या राहायच्या ते कळायचंच नाही. नवीन बुश झाला की भावजी तो चकचकीत दांड्यावर चढवतात आणि एका बोटानं फिरवून सोडतात. मग डोळे मिटून ऐकतात. फिरणं आवाज न करता हळूहळू विरत गेलं, तर चेहऱ्यावर असं काही येतं की वाटावं, कुणीतरी छान गाऊन थांबलं.

घर्षणाशी त्यांचं वैर केवळ धंद्यामुळं नव्हतं. त्याला आमच्या गावची लक्ष्मीची यात्रा कारण होती.

आमचं मूळ गाव जांबोटीच्या रस्त्याला. तिथं लक्ष्मीची यात्रा दरवर्षी भरत नाही. पंच बसतात, देवीला कौल लावतात, आणि मग कधीतरी ठरते. मध्ये वीसेक वर्षं सहज जातात. एक अख्खी पिढी म्हातारी होते, दुसरी मिशा फुटून उभी राहते. यात्रेत देवीला रथात बसवून देवळापासून गदग्यापर्यंत ओढत नेतात. गदगा म्हणजे यात्रा संपेतो देवी जिथं बसते तो ओटा. गेल्या यात्रेत सौरव, माझा मुलगा, माझ्या कडेवर होता, आणि अक्काताई नुकतीच लग्न होऊन आली होती.

त्या वेळी रथ अडला. देवळापुढून हलेचना. चाकं लाकडी, चाकाच्या मध्यातलं भोकही लाकडाचंच. त्यात लोखंडी कणा, आणि वर एरंडेल ओतलेलं. माणसं दोरखंडाला लोंबकळली, दोर ताणला, रथ गपकन हातभर पुढं गेला आणि पुन्हा थांबला. कळस डोलला. दुपार टळली तरी तेच. आणि मग, जसं होतं तसं, कुणीतरी म्हणालं की देवीचा कोप आहे. कोप आहे म्हटल्यावर कारण लागतं. परशाच्या घरची नवी सून आरतीचं ताट घेऊन पुढं उभी होती आणि नेमका तेव्हाच रथ अडला, एवढंच ते कारण. संध्याकाळी रथ हलला, पण तोवर अक्काताई ताट ठेवून घरी आली होती.

पुढं तिला कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण गावातल्या कुठल्याही कार्यात ती ओवाळायला पुढं होत नाही. विचारलं तर हसते. "मी हुबी ऱ्हायले की देवीसुद्धा थांबती. एवढा मान हाय माझा."

भावजी यावर कधी हसलेले मी पाहिले नाहीत.

म्हणून यंदा यात्रा ठरली आणि नवा रथ बांधायचं पंचांनी मनावर घेतलं, तेव्हा भावजी न बोलावता बैठकीला गेले. म्हणाले, चाकांचं माझ्याकडं द्या. पंचांचे म्होरके आण्णाप्पा. त्यांनाही ते हवंच होतं. निम्मी पोरं पुण्याला, गोव्याला; दोर ओढायला माणसं कुठली आणायची ही त्यांची चिंता.

पुढं कित्येक आठवडे भावजी दुसरं काही बोलत नव्हते. त्यांचं म्हणणं असं, की पंपाचा दांडा जोरात फिरतो, म्हणून तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, धातूला धातू लागतच नाही. रथ गोगलगायीसारखा चालतो आणि वर ओझं डोंगराएवढं. तिथं तेल टिकत नाही, दाबाखाली पिळून बाहेर येतं. नायलॉन त्या ओझ्याखाली चेपेल. म्हणून त्यांनी गनमेटलचे जाड बुश ओतून घेतले, त्यांना आतून ओळीनं भोकं पाडली आणि प्रत्येक भोकात ग्राफाइटची गोळी ठोकून बसवली. ग्राफाइट म्हणजे पेन्सिलीतलं शिसं असतं ना, तेच. कणा फिरला की ते स्वतःच पुसलं जातं आणि वंगणाचं काम करतं. मला त्यांनी एक बुश हातात दिला. आतून सोनेरी, त्यात काळे ठिपके, बिबट्याच्या कातड्यासारखे.

"बोट फिरवा आतनं."

फिरवलं. बोट काळं झालं आणि नुसतं घसरत गेलं.

"आता बघा रथ कसा सुटतोय," ते म्हणाले. अक्काताईकडं त्यांनी पाहिलं नाही, पण ते तिलाच सांगत होते.

माझी काळजी वेगळीच होती. रथाच्या चाकाशी पाचर लावायचा मान आमच्या घराण्याचा. रथ वळवायचा किंवा थांबवायचा, तर चालत्या चाकाच्या पुढं लाकडी पाचर सरकवायची, आणि सरकवून हात-पाय मागं घ्यायचे. यंदा ते सौरवनं करायचं ठरलं होतं. बेंगळुरात कॉम्प्युटरवर काम करणारा मुलगा. त्याला साधी सायकलची चेन बसवता येत नाही. मी त्याला फोनवर नको म्हणून सांगितलं.

"आई, मान आपला आहे. मी नाही तर कोण?"

"कुणीही."

"मग तसं आप्पाला सांग." आप्पा म्हणजे भावजी. सौरव त्यांना लहानपणापासून आप्पा म्हणतो.

मी सांगितलंही. भावजी लेथवर होते. त्यांनी यंत्र बंद केलं, हात पुसले.

"त्येला काढतो की, वहिनी. पण पाचर लागायचीच. मग तिथं दुसऱ्या कुणाचं तरी पोरगं हुबं ऱ्हाणार."

मी घरी आले.

यात्रेच्या आधी चाचणी घेतली. देवी नाही, कळस नाही. नुसता रथाचा सांगाडा आणि वर वाळूची पोती. गाव जमलं. आण्णाप्पांनी नारळ फोडला, मोजक्या पोरांनी दोर धरला, आणि रथ निघाला. दचका नाही, करकर नाही. पाण्यात होडी सरकावी तसा. म्हातारी माणसं बघतच राहिली. कुणी शिट्टी वाजवली. भावजी रथाच्या बाजूनं चालत होते आणि चेहऱ्यावर तेच, डोळे मिटून ऐकतानाचं.

शाळेपासून गदग्यापर्यंत उतार आहे. तसा फार नाही. चालताना कळतही नाही. गेल्या यात्रेत तो मातीचा होता, आता सिमेंटचा आहे.

शाळा मागं पडल्यावर दोर सैल पडला. ओढणारी पोरं थांबली, पण रथ थांबला नाही. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. पोरं हसत बाजूला झाली. मग आण्णाप्पा ओरडले, "पाचर, पाचर." सौरवनं वाकून चाकापुढं पाचर टाकली. गुळगुळीत सिमेंटवर ती चाकाबरोबर खरडत पुढं निघाली. त्यानं दुसरी टाकली. चाक तिच्यावर चढलं, ती मधोमध चिरली, आणि सौरव मागं पडला. मला पुढचं दिसलं नाही, कारण मी डोळे झाकले होते. उघडले तेव्हा एका नव्या घराच्या बांधकामाची खडी पडली होती, तिच्यात डावं चाक रुतून रथ तिरका थांबला होता. सौरव उभा होता. धूळ झटकत होता, एका पायात चप्पल नव्हती.

सगळे हसायला लागले. कुणाला काही झालं नव्हतं, आणि रथ तर वाऱ्यासारखा पळाला होता. कुणी मोबाईलवर घेतलेलं एकमेकांना दाखवत होतं. आण्णाप्पांनी भावजींच्या पाठीवर थाप मारली. "परशा, मानलं रं. चार पोरांत रथ. तुझं नाव बॅनरवर घालतो बघ."

भावजी खडीपाशी वाकले होते. चाकामागून त्यांनी सौरवची चप्पल काढली. ती कागदासारखी झाली होती. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि खिशात घातली, जणू तो बिघडलेला सुटा भाग होता आणि कारखान्यात नेऊन तपासायचा होता.

"आण्णाप्पा," ते म्हणाले, "बुश काढतो मी."

"काय?"

"काढतो. उतारावर ह्यो थांबणार न्हाय. आज पोती हायत, त्या दिवशी देवी, कळस, वर पुजारी. ओझं जास्त, पळणार पण जास्त."

"आरं, पाचरा मोठ्या करू की."

"सिमेंटवर कितीबी मोठी करा, घसरणारच."

"मग ब्रेक बसव."

ही सूचना आण्णाप्पांचीच, पण शेजारच्या म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं असं पाहिलं की तेच ओशाळले. देवीचा रथ माणसांनी ओढायचा आणि माणसांनी थांबवायचा. त्याला लोखंडी ब्रेक लावलेला आमच्या भागात कुणी ऐकलेला नाही.

"डोकं फिरलंय तुझं," आण्णाप्पा शेवटी म्हणाले. "इतकी वर्षं म्हणत होतास, रथ अडाय नको, रथ अडाय नको. आता अडत न्हाय तर तेबी नको?"

भावजी म्हणाले, "मी सुटायचा हिशेब केला. थांबायचा केलाच न्हाय. चूक माझी हाय." आणि पुन्हा, हळू, "जुनं लाकूड नुसतं अडवत न्हवतं. उतारावर धरून पण ठेवत हुतं."

आम्ही घरी आलो. भावजी ओसरीवर बसून राहिले. अक्काताईनं चहा आणून ठेवला, तो निवला. मला कळत होतं ते कुठं अडकलेत. बुश काढले आणि रथ देवळापुढं पुन्हा अडला, तर गाव पुन्हा तेच म्हणणार. वीस वर्षांपूर्वीचं नाव पुसायला निघालेला माणूस ते दुप्पट गडद करून ठेवणार. आणि ठेवले, तर माझा सौरव. मी तिथं बसून काय म्हणणार होते? माझ्या मुलासाठी हिला बोल लागू दे, असं तोंडानं कसं म्हणायचं? मी गप्प बसले. गप्प बसणं हेही सांगणंच होतं, आणि ते अक्काताईला कळलं असणार.

तीच म्हणाली, "काढा की मग. बसलाय काय?"

"पुन्हा अडला तर?"

"अडला तर अडला. म्हणू देत. मला काय नवीन हाय ते?" तिनं निवलेला कप उचलला. "पोराच्या पायापेक्षा माझं नाव मोठं व्हय?"

भावजींनी तिच्याकडं पाहिलं. "सगळे काढत न्हाय," ते म्हणाले. "पुढच्या चाकांचे ठेवतो. म्हंजी सुटताना निम्मी अडचण कमी. मागच्या चाकांत बाभूळ घालतो, जुन्यासारखी. ती धरून ठेवील."

"मग आधीच तसं का न्हाय केलं?"

"आधी तुझा विचार हुता डोस्क्यात," ते म्हणाले. अक्काताई कप घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मागच्या चाकांतले ते बिबट्यासारखे बुश त्यांनी स्वतः ठोकून बाहेर काढले. पहिल्यांदा ठोकताना त्यांनी लाकडाचा तुकडा मध्ये धरला, बुशला पोचा पडू नये म्हणून. जुन्या बाभळीचा ओंडका गावातच मिळाला. लेथवर तो फिरवताना शेडभर वास सुटला होता. मग रथ उतारावर नेऊन उभा केला आणि पाचर काढून घेतली. रथ उभाच. दोर ओढला की चालायचा, सोडला की थोडं पुढं जाऊन थांबायचा. भावजींनी हे इतक्या वेळा करायला लावलं की पोरं वैतागली. पाचरांच्या बुडालाही त्यांनी सायकलच्या टायरचे तुकडे ठोकले, सिमेंटवर धरावं म्हणून. त्याला कुणी हरकत घेतली नाही. रबर कुणाला दिसतच नव्हतं.

रथोत्सवाच्या दिवशी अक्काताई मागं, आमच्या घराच्या पायरीवर उभी राहिली. मी तिच्याजवळ. भंडाऱ्यानं सगळं पिवळं झालं होतं. पहिला ओढा बसला, दोर ताणला, आणि रथ हलला नाही.

मी अक्काताईचा हात धरला. पुढच्या दोन-तीन बायकांनी मागं वळून पाहिलं. त्यातली एक आमच्या गल्लीतली. अक्काताईनं नजर खाली घातली नाही. दुसरा ओढा बसला. मागच्या चाकांतून जड करकर आली, आणि रथ निघाला. सगळ्यांच्या माना पुन्हा पुढं वळल्या. अक्काताईनं हात सोडवून घेतला. "लई दाबलासा, वहिनी," एवढंच म्हणाली.

मी गर्दीतून शाळेकडं धावले. उतारावर रथ जड पावलांनी येत होता, म्हाताऱ्या बैलासारखा. अनवाणी सौरव चाकाबरोबर चालत होता. गदग्याच्या आधी एक वळण आहे. तिथं त्यानं पाचर सरकवली, पाय मागं घेतला, चाक पाचरीवर टेकलं आणि थांबलं.

रथ थांबताच भावजी वाकून मागच्या चाकापाशी गेले. उलटा तळहात त्यांनी चाकाच्या मध्यावर ठेवला आणि चटकन उचलला. मग पुन्हा ठेवला.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"तापलंय."

त्यांच्या धंद्यात बेअरिंग तापणं म्हणजे काय, हे एव्हाना मलाही ठाऊक होतं. गिऱ्हाईक नुसतं 'तापतंय' म्हणालं की ते जेवण सोडून उठतात.

"मग आता?"

"मग काय? तापू दे," ते म्हणाले, आणि सौरवला हाक मारली, "ये रं, पाणी पी. पुढं अजून गदग्यापर्यंत जायचंय."